गुण आला, पण कशाने?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या मंडळींनी आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा विषय त्यांनी आमच्यावरच सोपवला. आम्ही काही मोठे वक्ते नाही आणि डॉक्टरही नाही. आयुष्यभर आरोग्य सेवक म्हणून गावोगाव, वाडी-तांड्यावर फिरलो. गोळ्या वाटल्या, रक्ताचे नमुने घेतले, डोस पाजले. तेव्हा आम्हाला जे कळते त्यावरच बोलावे, असे ठरवले. विषय साधा आहे. माणूस आजारी पडतो, काहीतरी उपचार होतो, माणूस बरा होतो. आपण म्हणतो, "गुण आला." पण गुण आला तो नेमका कशाने आला, हे आपण कधी विचारतो का? आणि गुण नाही आला, तर दोष कोणाच्या माथी मारतो?

आपले कनेरगाव नाका हिंगोली-वाशिम रस्त्यावरचे गाव. पैनगंगेच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. नाक्यावर चहा घेत अर्धा तास उभे राहा, दहा रोगांवर पंधरा उपाय ऐकायला मिळतील. कुणी म्हणेल अमुक गावाला मुतखड्याचं औषध मिळतं, कुणी म्हणेल तमुक ठिकाणी कावीळ उतरवतात, कुणी म्हणेल वाशिमचं इंजेक्शन लागू पडलं, कुणी म्हणेल हिंगोलीचं. आता तर मोबाईलवर रोज सकाळी एक नवा उपाय येतो. सांगणारा वाईट नसतो. त्याला मनापासून वाटत असते की आपल्याला गुण आला, तसा दुसऱ्यालाही यावा. म्हणूनच ही गोष्ट जरा शांतपणे तपासली पाहिजे.

त्यासाठी आम्ही आमच्याच घरातली एक गोष्ट सांगतो. ती आम्ही जाहीरपणे कधी सांगितली नव्हती.

सन 1974. आमचा धाकटा भाऊ सात वर्षांचा होता. दिवेलागणीला मायने त्याला चुलीसाठी गोवऱ्या आणायला पाठवले. गोवऱ्यांच्या ढिगात हात घातला आणि लेकरू किंचाळले. लाल विंचू होता. शेजारपाजारचे जमले. जवळच्या एका वस्तीवर विंचवाचे विष उतरवणारा एक जाणता माणूस होता. त्याला बोलावले. तो एक पैसाही घेत नसे, हे मुद्दाम सांगतो. लिंबाचा डहाळा फिरवला, मंत्र पुटपुटला, हातावरून खाली खाली पाणी सोडले. तासाभराने भाऊ म्हणाला, "आता दुखत न्हाई." सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तो माणूस म्हणाला, "इख उतरलं." मायने लेकराला वाटीभर दूध पाजले आणि कुशीत घेऊन निजली.

रात्री भावाला उलट्या सुरू झाल्या. अंगातला सदरा घामाने पिळून काढावा असा भिजला. हातपाय बर्फासारखे गार. मग खोकला आला, धाप लागली, तोंडाला फेस आला. गाडी जुंपेपर्यंत पहाट झाली आणि गावाची शीव ओलांडायच्या आत सगळे संपले.

दुसऱ्या दिवशी तो जाणता माणूस भेटायला आला. डोळ्यांत पाणी होते त्याच्या. पण जाता जाता एक वाक्य बोलून गेला, "म्या इख उतरवलं व्हतं, दूध पाजायला नको व्हतं. पथ्य मोडलं." झाले! त्या दिवसापासून आमच्या मायने दुधाच्या वाटीला स्वतःचा गुन्हा मानले. पुढे घरात म्हैस आली, दूधदुभते आले, पण तिने स्वतः दुधाचा थेंब घेतला नाही.

बंधू-भगिनींनो, आता दुसऱ्या एका माणसाची गोष्ट ऐका. ती छापून आलेली आहे, जगाला ठाऊक आहे. आपल्या मराठवाड्यातच जालना जिल्ह्यात देहेड नावाचे गाव आहे. तिथल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा हिंमतराव बावस्कर नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाला. 1976 साली त्यांची नेमणूक कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. कोकणात लाल विंचू फार. धडधाकट माणसे, लेकरे विंचू चावून डोळ्यांदेखत मरत होती. मंत्रावर जात होती, तशी दवाखान्यातही जात होती. कारण तेव्हा दवाखान्यात जी इंजेक्शने देत, त्यांचाही उपयोग होत नव्हता. ॲलर्जीची औषधे, स्टेरॉइड, ॲट्रोपिन असे बरेच काही दिले जाई. पुस्तकात होते म्हणून दिले जाई.

डॉ. बावस्करांनी काय केले? पहिले काम केले ते म्हणजे रात्र-रात्र रोग्याच्या उशाशी बसून नोंद ठेवली. किती वाजता विंचू चावला, उलटी किती वाजता झाली, घाम कधी फुटला, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब किती, नाडी किती. अशा नोंदी साचत गेल्या तसे कोडे उलगडू लागले. लाल विंचवाचे विष शरीरात असे वादळ उठवते की रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयावर भार पडतो आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरते. माणूस जणू कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. उलटी, दरदरून घाम, हातपाय गार पडणे ही त्या वादळाची आगाऊ सूचना असते. हे त्यांनी 1982 साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, ती वाचताना आमच्या अंगावर काटा आला. ज्याला चावलेल्या जागी भयंकर कळ येते पण बाकी काही होत नाही, त्याला सहसा धोका नसतो. आणि ज्याच्या अंगात विष भिनते, त्याला चावलेल्या जागी कित्येकदा फारसे दुखतच नाही. म्हणजे आमचा भाऊ जेव्हा म्हणाला, "आता दुखत न्हाई," तेव्हा विष उतरले नव्हते. तेव्हा विष चढत होते.

आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध द्यावे, असा विचार डॉक्टरांनी केला. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी होती. ती वापरून पाहिली. 1986 साली तेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने होत्या. पूर्वी लाल विंचवाचे विष अंगात भिनलेल्या रोग्यांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत, ते प्रमाण पुढे शंभरात एकाच्या आसपास आले. 2022 साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आता इथे एक शंका कुणीही काढू शकेल आणि काढलीच पाहिजे. डॉक्टर म्हणतात गोळीने गुण आला, मांत्रिक म्हणतो मंत्राने गुण आला. मग फरक काय? एकावर विश्वास ठेवायचा, दुसऱ्यावर नाही, असे का? डॉक्टर शिकलेले आहेत म्हणून? इंग्रजीत छापून आले म्हणून? हे कारण पुरेसे नाही. कालाम लोकांना तथागतांनी हाच उपदेश केला होता की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नका. तो उपदेश मांत्रिकाला लागू आहे, तसा डॉक्टरलाही लागू आहे.

तेव्हा आधी मंत्राचा हिशेब मांडू. समजा आपल्या भागात शंभर जणांना विंचू चावला. विंचवाच्या जाती अनेक. मोठा काळा विंचू चावला तर माणूस रात्रभर तळमळतो, पण बहुधा जिवाला धोका नसतो. लाल विंचू चावला तरी दर वेळी विष अंगात भिनतेच असे नाही. म्हणजे शंभरातले बहुतेक जण काहीही केले नाही तरी दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागणार. ते सगळे मांत्रिकाकडे गेले, तर ते सगळे मांत्रिकाच्या खात्यात जमा! नव्वद-पंच्याण्णव माणसे गावभर सांगत फिरतात, "मला त्यानंच वाचवलं." आणि उरलेले जे गेले, ते सांगायला येत नाहीत. त्यांच्या घरच्यांना सांगितले जाते, उशीर केला, पथ्य मोडलं, श्रद्धा कमी पडली. बरा झाला तर मंत्राने, मेला तर आईच्या दुधाने. ज्या उपायाला कधी हरताच येत नाही, तो उपाय खरा की खोटा हे कळायला मार्गच उरत नाही.

आमच्या मते तो जाणता माणूस लबाड नव्हता. तो स्वतःच फसला होता. बरे झालेले त्याने मोजले, गेलेले मोजले नाहीत. वही ठेवली असती, तर त्यालाच कळले असते.

आता डॉक्टरांच्या बाजूचा हिशेब. पूर्वी तीस मरत, नंतर एक मरू लागला, हा पुरावा मोठा आहे. पण तरी कुणी म्हणेल, त्या काळात रस्ते सुधारले, लोक लवकर येऊ लागले, त्यामुळेही फरक पडला असेल. रास्त शंका आहे. म्हणून खरी कसोटी कोणती? एकाच काळात, एकाच ठिकाणी, सारख्याच रोग्यांचे दोन गट करायचे, एकाला हा उपचार, दुसऱ्याला तो उपचार, आणि मग मोजायचे.

याचा एक जुना दाखला आपल्या मुंबईतलाच आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्मे कैदी लस घ्यायला पुढे आले, निम्मे आले नाहीत. जागा तीच, अन्न तेच, प्लेग तोच. लस न घेतलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला, त्यातले सहा मेले. लस घेतलेल्यांत दोघांना झाला, मेला एकही नाही.

पण इथेही एक फट राहते. जे स्वतःहून पुढे आले ते मुळातच अधिक धडधाकट असले तर? म्हणून पुढच्या काळात पद्धत आली ती चिठ्ठी टाकण्याची. कुणाला कोणता उपचार, हे डॉक्टरनेही ठरवायचे नाही आणि रोग्यानेही नाही. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पडू द्यायचे. मग धडधाकट, अशक्त, लवकर आलेले, उशिरा आलेले दोन्हीकडे साधारण सारखे वाटले जातात. शेवटी फरक दिसला तर तो उपचाराचाच.

डॉ. बावस्करांनी हेही केले. मुंबईच्या हाफकिन संस्थेत विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार होऊ लागले होते. स्वतः शोधलेली गोळी हाताशी होती, लोक वाचत होते, नाव झाले होते. आमच्यासारखा म्हणाला असता, पुरे झाले. पण त्यांनी प्रश्न विचारला की नुसती गोळी बरी, की गोळी आणि प्रतिविष दोन्ही दिलेले बरे? विष भिनलेल्या सत्तर रोग्यांचे चिठ्ठीच्या पद्धतीने पस्तीस-पस्तीसचे दोन गट केले. दहा तासांनी पाहिले, तर नुसत्या गोळीवरचे पस्तीसपैकी आठ जण पूर्ण बरे झाले होते आणि गोळी व प्रतिविष दोन्ही दिलेले पस्तीसपैकी बत्तीस. 2011 साली हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःच्या औषधापेक्षा दोन्हींची जोड सरस आहे, हे त्यांनी स्वतःच मोजून जगाला सांगितले. आमच्या मते मंत्रात आणि औषधात फरक आहे तो हाच. औषधवाला हरायला तयार असतो. हरण्याची जागा तो आधीच मोकळी ठेवतो.

मोजणीबरोबर आणखी एक गोष्ट आली पाहिजे. तुरुंगातल्या कैद्याने "हो" म्हणणे कितपत त्याच्या मनचे असते? गरिबाच्या शरीरावर प्रयोग करून दुसऱ्याने नाव कमवावे, हे आपल्याला कधीच मान्य होणार नाही. आज आपल्या देशात नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी 2019 चे नियम आहेत. रोग्याला त्याच्या भाषेत समजावून सांगून लेखी संमती घ्यावी लागते, नैतिक समितीची परवानगी लागते, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. तुमच्यापैकी कुणाला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात अशा कागदावर सही मागितली, तर घाबरू नका आणि न वाचता सहीही करू नका. विचारा. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, आणि नाही म्हटले म्हणून नेहमीचा उपचार कुणी थांबवू शकत नाही.

आता मांत्रिकाला नावे ठेवून आपण मोकळे होऊ नये. थोडे स्वतःकडेही बघू. आपल्याकडे दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या दिल्या तर घरी येऊन म्हणतात, "काई डॉक्टर हाय का तो? सुई बी न्हाई दिली." सलाईन लावल्याशिवाय आजारी पडल्याचे समाधान नाही! नोकरीत असताना हगवणीची साथ आली की आम्ही मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी हातात ठेवायचो आणि लोक ती कोनाड्यात ठेवून सलाईनसाठी धावायचे. लोकांच्या आग्रहापुढे आम्हीही कधी कधी मान तुकवली, हे कबूल करतो.

या पुडीचा इतिहास ऐका. 1971 साली बांगलादेशच्या लढाईत लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसे पटापट मरू लागली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे काम करीत होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा त्यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळला आणि ते पाणी रोग्यांच्या नातेवाइकांकरवीच पाजले. आधी शंभरात सुमारे तीस दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आले. तिथे जीव वाचवले ते आया-बहिणींनी वाटी-चमच्याने. तुमच्या कोनाड्यातली पुडी ती हीच. गंभीर रोग्याला, बेशुद्ध असणाऱ्याला, पाणी पोटात न टिकणाऱ्याला सलाईन लागतेच. पण अंग दुखते, थकवा आला म्हणून पाचशे रुपये घालवून बाटली चढवून घेणे म्हणजे महागाचे मीठपाणी.

तसेच हळदीचे. आपल्या हिंगोली जिल्ह्याची हळद नावाजलेली, तिचा आपल्याला अभिमान. भाजीत घाला, दुधात घाला. पण हळदीने कर्करोग बरा होतो, साखर जाते असे कुणी सांगितले, तर विचारा की किती जणांना दिली? न दिलेल्यांशी ताडून पाहिले का? आणि चालू असलेली गोळी तेवढी बंद करू नका. हळद शेजाऱ्याच्या शेतातली असो की आपल्या शेतातली, हिशेब एकच.

मग आपण काय करायचे? आम्ही पाच प्रश्न सांगतो. लेकरांनो, तुम्ही वहीत लिहून घ्या आणि घरी वाचून दाखवा. पहिला, काहीच केले नाही तर हा आजार आपोआप बरा होतो का? दुसरा, या उपायाची तुलना कशाशी केली आहे, आणि किती जणांवर? तिसरा, ज्यांना गुण आला नाही त्यांचे काय झाले, ते मोजले का? चौथा, याचा त्रास काय होऊ शकतो आणि खर्च किती? पाचवा, याच्यापायी दुसरा खात्रीचा उपचार लांबतो आहे का? डॉक्टरसाहेबांनाही हे नम्रपणे विचारता येते. "साहेब, ही तपासणी कशासाठी? ही गोळी किती दिवस?" चांगला डॉक्टर रागावत नाही.

विंचू किंवा साप चावला तर एवढे लक्षात ठेवा. किती वाजता चावला ते लिहा. जखम कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. माणसाला धीर द्या, कमीत कमी हालचाल होऊ द्या, 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखान्यात न्या. सापाचे प्रतिविष तिथे मोफत मिळते. विंचू चावल्यावर उलटी, घाम, गार हातपाय यातले काहीही दिसले तर एक मिनिट घालवू नका, मग दुखणे थांबलेले का असेना. गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. प्राझोसिनने रक्तदाब उतरतो, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची.

आणि हे फक्त शहाणपणाचे नाही, कायद्याचेही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या, तो त्यांच्या 20 ऑगस्ट 2013 च्या खुनानंतर त्याच वर्षी झाला. कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्र-तंत्र, गंडे-दोरे करणे हा त्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे.

मात्र नुसता पुरावा असून भागत नाही. ज्या 1897 साली मुंबईत लसीची मोजणी चालू होती, त्याच साली पुण्यात सावित्रीमाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या तेव्हाच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने फणफणला होता. माईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. तो वाचला. माईंना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. हाफकिनने स्वतःला लस टोचून घेतली त्याला त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते. लस लोकांपर्यंत पोचायची होती, पण ज्याला कुणी शिवत नव्हते त्याला उचलायला हात लागतात, ते माईंचे होते. दवाखाना कितीही चांगला असो, तिथपर्यंत रोग्याला पाठीवर घेऊन जाणारे माणूस लागतेच.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. त्याचा कुणाला उपयोग नव्हता म्हणून कुणी बघत नव्हते. तथागतांनी स्वतः त्याच्यावर पाणी घातले, आनंदांनी त्याला धुतले, दोघांनी उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला समज दिली की रोग्याची सेवा हीच माझी सेवा. हे आपण नेहमी ऐकतो. पण त्याला जोडूनच पुढे जे आहे, ते फारसे सांगितले जात नाही. चांगला शुश्रूषा करणारा कोण? ज्याला औषध तयार करता येते, काय हितकर आणि काय अहितकर हे ज्याला कळते, आणि ज्याला घाणीची किळस येत नाही. चांगला रोगी कोण? जो औषध घेतो आणि आजार वाढतो आहे, कमी होतो आहे की आहे तसा आहे, हे खरे-खरे सांगतो. म्हणजे माया पाहिजे, पण हिताहित कळलेही पाहिजे. आणि आजाराचा हिशेब खरा ठेवला पाहिजे. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे सांगणे आहे.

म्हणून विहार समितीला आमची एक विनंती आहे. या विहारात एक नोंदवही ठेवा. आपल्या वस्तीत कुणाला साप-विंचू चावला, किती वाजता, पहिल्यांदा कुठे नेले, दवाखान्यात किती वाजता पोचले, पुढे काय झाले, एवढेच लिहायचे. नाव लिहायची गरज नाही. दर वर्धापन दिनाला ती वाचून दाखवायची. बरे झालेलेही मोजायचे आणि गेलेलेही मोजायचे. दोन-चार वर्षांत आपल्यालाच कळेल की आपण उशीर कुठे करतो. वही आम्ही आणून देतो, लिहायला एक चुणचुणीत पोरगी द्या.

जाता जाता मायची गोष्ट पुरी करतो. नव्वदच्या दशकात एका वर्तमानपत्रात आम्ही डॉ. बावस्करांच्या कामाबद्दल वाचले. तो कागद घेऊन घरी आलो आणि मायला वाचून दाखवला. उलटी, घाम, गार हातपाय, दुखणे थांबणे, सगळे जसेच्या तसे. आम्ही तिला खोटा दिलासा दिला नाही. 1974 साली दवाखान्यात नेले असते तर तो नक्की वाचला असता, असे म्हणालो नाही, कारण तेव्हा डॉक्टरांनाही हे औषध माहीत नव्हते. एवढेच सांगितले की दुधाचा यात काही संबंध नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या दुधानं न्हाई गेला म्हनतोस?" आम्ही म्हणालो, "न्हाई माय, दुधानं न्हाई."

वीस वर्षांनी ती त्या रात्री हमसून हमसून रडली. सकाळी चहात तिने दूध घातले.

पुराव्याला लोक कोरडा म्हणतात. आमच्या घरात तो एका आईच्या माथ्यावरचा दोष उतरवायला आला होता. तुमच्या घरात असा दोष कुणाच्या माथी बसू नये, एवढ्यासाठीच हे सगळे सांगितले. 

सब्बे सत्ता सुखी होन्तु. जय भीम! नमो बुद्धाय!